थांबा हं, बघते

"तिने रेकॉर्डिंगला नाही म्हटलंय, सर."

"का गं?"

"म्हणाली, माझा आवाज मी दिवसभर ऐकते, तेवढा पुरे आहे."

सर खूश झाले. असे क्लायंट त्यांना फार आवडायचे. त्यांनी चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हात चोळले आणि कोपऱ्यातल्या हिरव्या खुर्चीकडे बोट केलं. "मग बघतेस काय? बस तिथे. अंगात आण तिला."

अंगात आणणं हे सरांचं खास. पुस्तकात त्याला भारदस्त नाव होतं, पण सरांना भारदस्त काही सोसायचं नाही. शिकाऊ थेरपिस्टनी लोकांची दुःखं ऐकायची आणि आठवड्यातून एकदा सरांपुढे येऊन बसायचं. काय ऐकलं, कुठे अडखळलो, कुठे घाबरून विषय बदलला, सगळं सांगायचं. याला सुपरव्हिजन म्हणतात. शिकाऊ सर्जनच्या मागे मोठा सर्जन उभा असतो ना, तसंच. फक्त इथे रक्त दिसत नाही, त्यामुळे कुणी भलतीकडेच कापलंय हे कळायला उशीर होतो. सेशनचं रेकॉर्डिंग असलं की ते लावायचं, आणि सर मध्येच बोट वर करून "थांबव!" म्हणून ओरडायचे. पोरं त्यांना पाठीमागे 'ब्रेक' म्हणायची. सरांना ते माहीत होतं, आणि आपल्याला मागे काहीच म्हणत नसते तर त्यांना झोप आली नसती.

रेकॉर्डिंग नसलं की हिरवी खुर्ची. शिकणाऱ्याने तीत बसायचं आणि आपला क्लायंट व्हायचं. त्याच्यासारखं बसायचं, त्याच्यासारखं बोलायचं. समोर सर थेरपिस्ट व्हायचे. ही खुर्ची एका बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यातून आणलेली. "म्हणून तीत बसलं की माणूस आपोआप तोंड उघडतो," हे सर प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे, आणि प्रत्येक बॅच हसायची. न हसून करते काय?

क्लायंटचं नाव, काम, गाव बदलून सांगायचं हा या धंद्याचा नियम. सरांनी त्याला शेपूट जोडलं होतं. शिकणाऱ्यांचीही नावं बदलून टाकली होती. ही समोरची पोरगी सारखी पेनाचं बटण दाबायची म्हणून टिकटिक. दुसरा एक पुस्तकातली वाक्यं तोंडावर फेकायचा, तो ग्रंथराज.

टिकटिकने पेन टेबलावर ठेवलं आणि हिरव्या खुर्चीत जाऊन बसली. गुडघे जुळवले, मांडीवर न दिसणारी पिशवी घेतली, तिचे बंद दोन्ही हातांनी धरले. खांदे थोडे खाली आले आणि पंचविशीतली पोरगी डोळ्यांदेखत साठीला टेकली. पोरीत कला होती, यात वाद नाही.

"बोला, शिंपीणबाई," सर म्हणाले. टिकटिकने क्लायंटला शिंपीण केलं होतं, म्हणजे शिंपीण नक्की नसणार. "कशा आहात?"

खुर्चीतल्या बाईने लगेच उत्तर दिलं नाही. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत कुणाला तरी विचारून यायचंय, असं.

"थांबा हं," ती म्हणाली. "बघते."

खालच्या मजल्यावर चावीवाल्याचं दुकान होतं. त्याचं मशीन नेमकं तेव्हाच किंचाळलं.

सरांनी हसायला तोंड उघडलं. हसू मात्र आलं नाही. असं उत्तर देणारा एकच जण त्यांनी आयुष्यात पाहिला होता. "कसा आहेस रे?" म्हटलं की मान वळवायची, दाराकडे बघायचं, आणि "थांबा हं, बघतो." जणू तो स्वतः आत निजलाय आणि बाहेर बसलेला हा नुसता निरोप्या. "जा, बघून ये, मी बसलोय," सर म्हणायचे, आणि पोरगा उचकी लागल्यासारखा हसायचा. त्या पोराला जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

"सर? तुमची पाळी आहे," टिकटिक खुर्चीतूनच कुजबुजली.

"हां. काय दिसलं आत?"

"आत काय दिसणार? मुलाची खोली," बाई म्हणाली. "रोज झाडते. धूळ कुठून येते कळत नाही. वापरायला कुणी नाही, तरी येते."

"मुलगा..."

"गेला. स्वतःहून. तुला सांगितलं ना मागच्या वेळी?" शिंपीणबाई टिकटिकला अगंतुगं करायची, त्यामुळे खुर्चीतून सरांचाही उद्धार एकेरीतच चालला होता. "लोकांना वाटतं, तोंड पाडून बसायचा. छे. त्या दिवशी तर हसत घरी आला. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी जायचा. तुझ्यासारखाच, ऐकून घेणारा. पण तो हसवायचा."

सरांचं बोट आपोआप वर गेलं. "थांबव."

रेकॉर्डिंग नव्हतंच. थांबवायचं काय? टिकटिक बुचकळ्यात पडली. साठीची बाई विरून गेली आणि पुन्हा पंचविशीतली पोरगी राहिली.

"काही चुकलं का सर?"

"नाही गं. छान आणलंस," सर म्हणाले. "फार छान आणलंस."

कपातला चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच घोटाघोटाने संपवला, म्हणजे तोंड कशात तरी गुंतलेलं राहिलं.

आता खरं तर पुढचं सोपं होतं. दुसऱ्याची केस ऐकताना क्लायंट आपल्या ओळखीचा निघाला, तर त्याच क्षणी सांगायचं आणि ती केस दुसऱ्या सुपरव्हायझरकडे द्यायची. हा नियम सर स्वतःच शिकवायचे. "गॅसचा वास आला की आधी खिडकी उघडायची. कुठून येतोय ते बघायला काडी नाही पेटवायची," असं सांगून वर काडी पेटवल्याची नक्कल करायचे, स्वतःचे केस उभे करून. दुसऱ्या सुपरव्हायझर वरच्याच मजल्यावर बसायच्या. सगळे त्यांना वरच्या मॅडम म्हणत. डोंगर नाही की कडा नाही, नुसता बावीस पायऱ्यांचा एक जिना चढायचा होता.

सर तो चढले नाहीत. म्हटलं, आधी खात्री तर करू. थांबा हं, बघते, असं काय जगात एकच घर म्हणत असेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पण खात्री त्यांना झालेली होती. त्या पोराच्या शेवटच्या सेशनला त्यांनी छताच्या पंख्याची नक्कल केली होती. रिटायर व्हायला आलेला पंखा, कण्हत कुथत फिरणारा, बटण बंद केलं की सुटकेचा श्वास सोडणारा. पोरगा हसता हसता खुर्चीतून घसरला होता. डोळे पुसत म्हणाला होता, "बास, सर, बास." सर त्या संध्याकाळी शीळ घालत घरी गेले, बायकोला म्हणाले, "आज एक पोरगं पोट धरून हसलं." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, बरोबर त्या पोराच्या वेळेला, बाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसली होती. मांडीवर पिशवी. सरांनी दार उघडलं तशी उभी राहिली. "तुम्हीच ना ते हसवणारे?" तिने विचारलं. सर "हो" म्हणाले. तिने मान हलवली आणि निघून गेली.

बस, एवढंच. पण ते वाक्य सरांच्या घरी राहायला आलं ते आलंच. ते आभार होते की शाप? दाढी करताना ते वाक्य आभार मानायचं. गाडी सुरू करताना शाप द्यायचं. त्या संध्याकाळी पोरगा घरी जाऊन काय बोलला, हे कळलं असतं तर निकाल लागला असता. पण विचारायचं कुणाला? मग सरांनी विनोद वाढवले. अंधारातून जाणारा माणूस शीळ मोठी करतो, तसे.

आणि आता ती बाई दर गुरुवारी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच हिरव्या खुर्चीत येऊन बसणार होती.

"आज विनोद नाही का?" संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली.

"संपले."

"मग शेजाऱ्यांकडून वाटीभर आणू का?"

सर हसले नाहीत, तशी तिने हातातला घास खाली ठेवला. कामातलं घरी आणायचं नाही आणि तिने विचारायचं नाही, असा त्यांचा लग्नापासूनचा करार. तिने तो इमानाने पाळला होता. एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून घरात दोघंच.

"अहो, कोण येणार आहे?" तिने विचारलं.

"कोण येणार? कुणी नाही."

"मग पाण्याचे तीन ग्लास कशाला भरलेत?"

सरांनी पाहिलं. खरंच तीन होते. तिसरा भिंतीकडच्या खुर्चीपुढे, काठोकाठ.

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

"लक्ष होतं," बायको म्हणाली. "म्हणूनच भरलात. तोच ना? तो पोट धरून हसलेला?" तिने तिसरा ग्लास उचलला, ओतला नाही, तसाच ओट्यावर नेऊन झाकून ठेवला. "एवढं लक्षात ठेवा, त्याला घरी आणा हवं तर. पण दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बसवून आणू नका."

बायका करार पाळतात म्हणजे त्यांना काही कळत नाही, असं थोडंच आहे!

पुढच्या गुरुवारी टिकटिक तीन केस घेऊन आली. एक परीक्षेला घाबरणारा मुलगा, एक सतत भांडणारं जोडपं, आणि शिंपीणबाई. मुलाला सरांनी पाच मिनिटांत गुंडाळलं, जोडप्याला "भांडू देत, जिवंत आहेत" म्हणून वाटेला लावलं. "हां, शिंपीणबाई. अंगात आण."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. आणि त्याच्याही पुढच्या.

बाई हळूहळू येत गेली. मुलाच्या चपला अजून दारात आहेत, त्या दर महिन्याला फिरवून ठेवते, म्हणजे एकाच बाजूने ऊन लागत नाही. दूधवाल्याला अजून जास्तीचं दूध बंद कर म्हणून सांगितलेलं नाही. सर खुर्चीच्या कडेला सरकून ऐकायचे, विनोद करायचे नाहीत, प्रश्न अगदी मोजके. टिकटिकला वाटायचं, वा, काय एकाग्रता! सुपरव्हायझर असावा तर असा.

एका गुरुवारी सेशन संपल्यावर ती उठलीच नाही. हिरव्या खुर्चीत बसून राहिली.

"सर, एक सांगू? हसणार नाही ना?"

"हसणं माझ्या हातात नाही. बोल."

"ती घरी येते माझ्या. म्हणजे, तशी नाही. पण काल आईने विचारलं, जेवतेस ना, तर मी दाराकडे बघून म्हटलं, थांब हं, बघते. आई घाबरली. म्हणाली, कुणाची भाषा बोलतेस तू?" तिने पेन शोधलं. ते टेबलावर होतं, हात पोचत नव्हता. "सर, जरा थांबूया का हिला अंगात आणायचं?"

चांगला सुपरव्हायझर अशा वेळी काय करतो? पोरीला खुर्चीतून उठवतो, पाणी देतो, खिडकीत उभं करून स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायला लावतो. सरांनी शेकडोंना तसं उठवलं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक पिपाणी होती. ती वाजवली की भूत उतरतं असं ते सांगायचे, आणि खरंच उतरायचं, हसण्यातून.

पिपाणी खणात होती. खण उघडला नाही.

"एक कर," सर म्हणाले. "यावेळी तिला त्या संध्याकाळबद्दल विचार. तो हसत घरी आला, त्यानंतरचं. काय बोलला? त्या हसवणाऱ्याबद्दल काही म्हणाला का? एकदा ते बाहेर आलं की तिलाही मोकळं वाटेल आणि तुलाही."

टिकटिकच्या कपाळावर आठी आली. "पण ती अजून तिथवर आलीच नाहीये, सर. तुम्हीच सांगता ना, क्लायंटच्या पुढे चालायचं नाही म्हणून?"

"कधीकधी पुढे होऊन दार उघडून धरावं लागतं."

वाक्य झकास होतं. टिकटिकने ते लिहूनही घेतलं. सरांना स्वतःचीच शिसारी आली, पण ती त्यांनी गिळली. गिळायला चहा नव्हता, तशीच गिळली.

त्या आठवड्यात सरांनी घड्याळाला दोनदा चावी दिली, एकदा चुकून उलटी. ग्रंथराजला एक धडा दोनदा शिकवला. ग्रंथराज म्हणालाही, "सर, पुनरावृत्तीने आकलन दृढ होतं," आणि सर त्याच्यावर हसायचं विसरले.

गुरुवारी टिकटिक आली ती दारातच उभी राहिली. हातात पेन नव्हतं.

"ये. बस. अंगात..."

"नाही," ती म्हणाली. "मी तिथे बसणार नाही."

ती साध्या खुर्चीत बसली. डोळे सुजलेले. सरांच्या छातीत धडधडायला लागलं. लाज वाटली पाहिजे, पण ती धडधड पोरीसाठी नव्हती. उत्तर आलं होतं, म्हणून होती.

"विचारलंस?"

"विचारलं. तुम्ही सांगितलं तस्सं. त्या संध्याकाळी तो काय बोलला, हसवणाऱ्याबद्दल काही म्हणाला का."

"मग?"

"कितीतरी वेळ ती मान वळवून दाराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, थांब हं, बघते. पण तिने मान परत माझ्याकडे आणली. आणि म्हणाली..." टिकटिकचा आवाज फाटला. "म्हणाली, हा प्रश्न तुझा नाही, बाळ. कोण विचारतंय?"

खालचं मशीन किंचाळलं नाही. किंचाळलं असतं तर बरं झालं असतं.

"मी म्हटलं, मीच विचारतेय. तर माझ्याकडे अशी बघितली, सर... माझ्या मागे कुणी उभं आहे आणि तिला ते दिसतंय, असं. मग पिशवी उचलली आणि गेली. अर्धं सेशन बाकी होतं. येणार नाही ती आता." ती ढसाढसा रडायला लागली. "मी नालायक आहे. माझ्याच्याने नाही होणार हे. ती कशीबशी बोलायला लागली होती आणि मी तिचं दार लाथ मारून उघडलं. मी हे सोडते, सर. आईही म्हणतेच आहे, सोड म्हणून. फॉर्म द्या तुम्ही, मी सही करते."

सरांच्या जिभेवर विनोद तयार होता. चांगला होता, पोरगी हसली असती. हसली असती, डोळे पुसले असते, आणि घरी गेली असती.

हसत घरी गेली असती.

सरांनी तोंड मिटलं. मग उघडलं तेव्हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"दार तू नाही मोडलंस. प्रश्न माझा होता."

"म्हणजे तुम्ही सुचवला, पण विचारला तर..."

"सुचवला नाही गं. माझा होता. तो हसवणारा मी आहे."

टिकटिक बघत राहिली. एक हुंदका अर्ध्यावर आला होता, तो तिथेच थांबला.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. थांबा हं म्हणालीस तेव्हा. तिचा मुलगाही असंच म्हणायचा."

"पहिल्या दिवशी." तिने शब्द चाखून बघितल्यासारखा पुन्हा उच्चारला. "आणि तुम्ही दर गुरुवारी मला तिथे बसवलंत. मला वाटत होतं, मी शिकतेय. मी घरी आईशी तिच्या भाषेत बोलले, सर! तुम्हाला सांगितलं मी. तुम्ही काय म्हणालात? पुढे होऊन दार उघड." ती उठली. "मी तुमच्यासाठी अंगात आणत होते? तुमच्यासाठी?"

"हो."

"आणि तिचं काय? तिला कोण सांगणार, तिच्या पोराच्या थेरपिस्टने माझ्या तोंडून तिला प्रश्न विचारला म्हणून?"

"सांगायचं की नाही, कसं, हे आता मी ठरवायचं नाही. वरच्या मॅडम तुला मदत करतील. तुझी ती केस मी आजपासून ऐकणार नाही. आणि सोडायचं असेल तर सोड, पण माझ्या चुकीपायी नको. तू तिला बोलतं केलंस. मुलाच्या चपलांपर्यंत गेलीस तिच्या. ते मी केलं नव्हतं, तू केलंस."

टिकटिकने पर्स उचलली. दारापाशी वळली. शिवी घालायची तयारी होती, पण सरांकडे बघून तिने ती परत घेतली बहुतेक. नुसतीच गेली.

सर जिना चढले.

वरच्या मॅडमच्या खोलीत कागदी रुमालांचे डबे असायचे, तीन-तीन. "वर रडून बरे होतात, खाली हसून, पेशंटने आपल्या नाकाप्रमाणे मजला निवडावा," ही सरांची जुनी थट्टा. मॅडमना ती ठाऊक होती. पोराची बातमी आली त्या सकाळी त्याच खाली आल्या होत्या.

त्यांनी सगळं ऐकलं. मग एक डबा टेबलावरून सरांकडे सरकवला.

"नको," सर म्हणाले. "मला सर्दी नाही."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास."

सरांना आठवत नव्हतं. पण म्हणाले असणार. वाक्य त्यांचंच होतं.

"पोरीला मी बघते," मॅडम म्हणाल्या. "त्या बाईला पोरगीच निरोप पाठवेल, काय लिहायचं ते आम्ही दोघी ठरवू. तुला त्यातलं काहीही कळणार नाही. बाई परत आली की नाही, काय बोलली, काही नाही. मान्य?"

"मान्य."

"आणि झाला प्रकार मला वरिष्ठांना कळवावा लागेल."

"कळव. मीच लिहून देतो."

"आणि तुझं काय? तू कुणाकडे जाऊन बसणार?"

"मी? माझं मी बघतो."

"बघतोस कसला! इतकी वर्षं दाराकडे पाठ करून बसलायस." त्या उठल्या, खिडकी उघडली. "बुधवारी ये. माझ्याकडे हिरवी खुर्ची नाही, पण बसायला जागा आहे. आणि विनोद खाली ठेवून ये, चपलांसारखे."

नव्या शिकणाऱ्यांची बॅच काही महिने सरांना द्यायची नाही, असं ठरलं. जुन्यांपैकी ज्यांना हवं त्यांनी यावं. टिकटिकने शिक्षण सोडलं नाही. सरांकडे येणं सोडलं. जिन्यात दिसली तर "नमस्कार" एवढंच म्हणायची, तेही भिंतीला म्हटल्यासारखं. ते योग्यच होतं. हिरवी खुर्ची सरांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली. दोन दिवसांनी त्यांना ते जास्तच भयंकर वाटलं, शिक्षा केलेल्या पोरासारखं, म्हणून पुन्हा सरळ केली. घरी बायको कधी कधी स्वतःच तिसरा ग्लास भरायची. जेवण झालं की तो कुंडीत ओतायची.

आणि मग एका गुरुवारी, जुन्याच वेळेला, दारावर टकटक झाली.

टिकटिक होती. हातात पेन, पण बटणावरचा अंगठा गप्प. दम लागलेला. धावतच आली होती, सेशनच्या खोलीतून, आणि वर जायच्या आधी इथे थांबली होती.

"ती आली परत," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात आली. तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण आज..."

सर उभे राहिले.

"आज तिने स्वतःहून सांगितलं. मी काही विचारलं नाही. त्या संध्याकाळचं. तो घरी आल्यावर काय बोलला ते. तुमच्याबद्दल." ती उंबऱ्यातच उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. "वरच्या मॅडमना सांगायलाच निघालेय. पण म्हटलं... सर, सांगू?"

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही हाती लागतंय का बघितलं, कोपऱ्यात, डोळ्यांत, ओठांच्या कडेला. चेहरा कोरा होता. ऐकलेलं चेहऱ्यावर सांडू द्यायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? त्यांनीच.

उत्तर तिच्याजवळ होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. दाढीच्या आरशातलं, गाडीच्या काचेतलं, सगळं एका क्षणात मिटलं असतं, इकडे तरी, नाही तर तिकडे. पोरगी द्यायला तयार होती. रागही गेला होता तिचा, दयेने देत होती.

"तिने ते कुणाला सांगितलं?" सरांनी विचारलं.

"मला."

"मग वर जा."

"सर..."

"जा, पोरी. इथे नको सांडू."

तिने अंगठा बटणावर दाबला. टिक. मग पाय बाहेर घेतला. सर उभे राहून ऐकत होते. पावलं वर गेली, वळणावर जरा थांबली, पुन्हा गेली. वरचं दार उघडलं, मिटलं. छतापलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि बायकांचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण. सरांनी हात वर करून पंख्याचं बटण दाबलं. पंखा कण्हत कुथत फिरायला लागला आणि गुणगुण त्यात बुडाली.

पुढची वेळ ग्रंथराजची होती. तो काखेत दोन पुस्तकं मारून आला, आणि सरांना भिंतीशी उभं बघून दारातच थबकला.

"सर? बरे आहात ना?"

उत्तर तयार होतं. एक सोडून चार तयार होती. पोरगा पुस्तकांसकट हसून कोसळला असता.

सरांनी मान वळवली. हिरव्या खुर्चीपलीकडे, दाराकडे.

"थांब हं," ते म्हणाले. "बघतो."

ग्रंथराजने पुस्तकं टेबलावर ठेवली, आणि थांबला.